बोटीवरून घरी : बदलत्या नियमांचा धडा

कडोलीच्या शिवारातून समुद्र दिसत नाही. तथापि समुद्राशी आपणांस काही कर्तव्य नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. चोर्ला घाट उतरला की गोवा लागतो, आणि गोव्याच्या कॅथॉलिक घराण्यांत बोटीवर नोकरीस जाणे ही पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट आहे. त्या तारवट्यांचे सोयरे आपल्या बेळगाव भागातही आहेत. म्हणून करोनाच्या साथीत सहलीच्या बोटींवर अडकलेल्या माणसांना घरी येताना कोणकोणत्या चाचण्यांतून जावे लागले, आणि ते नियम वारंवार का पालटले, याचा विचार आम्ही आज वाचकांपुढे मांडीत आहो. साथ ओसरली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. मन शांत असता केलेला विचारच पुढील संकटात उपयोगी पडतो.

आरंभ जपानच्या योकोहामा बंदरात झाला. ‘डायमंड प्रिन्सेस’ नावाच्या सहलीच्या जहाजावरून २५ जानेवारी २०२० रोजी हाँगकाँगला उतरलेला एक प्रवासी पुढे करोनाबाधित असल्याचे आढळले. फेब्रुवारीच्या आरंभी ते जहाज बंदराशी आले तेव्हा त्यावर प्रवासी व नोकरवर्ग मिळून ३,७११ जीव होते. सर्वांना जहाजावरच अडकवून ठेवण्यात आले. तपासणीची साधने अपुरी असल्याने प्रथम ज्यांस ताप-खोकला आहे त्यांचीच व त्यांच्या निकटवर्तीयांची चाचणी झाली. पुढे क्रमाने सर्वांची झाली. अखेर ७१२ माणसे बाधित निघाली. त्या जहाजावर आपले १३८ देशबांधव होते. त्यांपैकी १३२ जण प्रवासी नव्हते, तर नोकरवर्गातील होते. प्रवासी आपापल्या खोल्यांत बसून होते. त्यांना जेवण पोहोचविणारे हात मात्र थांबले नव्हते. २७ फेब्रुवारी २०२० रोजी ११९ भारतीय विमानाने दिल्लीस आले, आणि तेथून थेट घरी न जाता मानेसर येथील लष्करी छावणीत पुन्हा चौदा दिवसांच्या विलगीकरणात राहिले.

जहाजावर इतके दिवस काढले, चाचणीही निर्दोष आली, मग पुन्हा चौदा दिवस कशासाठी? हा प्रश्न तेव्हा पुष्कळांनी विचारला. त्याचे उत्तर लवकरच मिळाले. योकोहामास निर्दोष ठरून उतरलेल्यांपैकी काही जण आपापल्या गावी वा देशी गेल्यावर बाधित निघाले. चाचणी खोटी नव्हती. ती ज्या दिवशी घेतली त्या दिवसापुरतीच खरी होती.

मार्च २०२० मध्ये आपल्या देशाने परदेशांतील विमाने बंद केली, आणि त्यासरशी समुद्रावरील आपल्या माणसांपुढेही घराचे दार लागले. मुंबईचा किनारा डोळ्यांसमोर, पण पाय ठेवण्यास परवानगी नाही, अशी दशा कित्येक तारवट्यांची झाली. शेवटी २१ एप्रिल २०२० रोजी केंद्रीय गृहमंत्रालयाने भारतीय खलाशांना बंदरात उतरविण्याची रीत ठरवून दिली. उतरताच चाचणी, निकाल येईपर्यंत विलगीकरण, आणि निर्दोष ठरल्यास ठराविक मार्गाने घरी जाण्याचा परवाना. दोनच दिवसांनी, २३ एप्रिलला, ‘मरेला डिस्कव्हरी’ या सहलीच्या जहाजावरील जवळजवळ दीडशे भारतीय कर्मचारी मुंबईस उतरले. त्यांत गोव्याचेही पुत्र होते. नियमाचा कागद निघण्यास जो वेळ लागला, तो वेळ त्या मातांनी कसा काढला असेल, हे ज्यांचे मूल दूर आहे त्यांनाच कळेल.

त्यानंतर नियम पालटत गेले. ऑगस्ट २०२० मध्ये परदेशाहून येणाऱ्यास सात दिवस सरकारी देखरेखीखाली व सात दिवस घरी राहावे लागे. प्रवासापूर्वी ९६ तासांच्या आत केलेली चाचणी निर्दोष असल्यास सरकारी मुक्कामातून सूट मिळे. फेब्रुवारी २०२१ मध्ये ९६ तासांचे ७२ तास झाले. ओमिक्रॉन प्रकार आल्यावर ११ जानेवारी २०२२ पासून प्रत्येकास सात दिवस घरी राहून आठव्या दिवशी चाचणी करणे आवश्यक ठरले. आणि महिना-सव्वा महिन्यातच, १४ फेब्रुवारीपासून, ते बंधन जाऊन चौदा दिवस स्वतःच्या प्रकृतीवर लक्ष ठेवणे पुरेसे झाले. समुद्रमार्गे येणाऱ्यांनाही हेच नियम लागू होते. जानेवारी २०२३ मध्ये चीन, जपान आदी सहा ठिकाणांहून येणाऱ्यांस पुन्हा प्रमाणपत्र लागले व फेब्रुवारीत ते रद्द झाले.

सहलीची बोट म्हणजे केवळ परदेशाची वाट, असेही नाही. नववर्षाच्या सुमारास मुंबईहून गोव्यास निघालेली ‘कॉर्डेलिया’ जानेवारी २०२२ च्या आरंभी मुरगाव बंदरी पोहोचली. तिच्यावर सुमारे दोन हजार माणसे होती. चाचणीत ६६ जण बाधित निघाले. चाचणीचा निर्णय झाल्यावाचून कोणास उतरू दिले नाही, आणि अखेर बोट मुंबईस परत गेली. तेथे पुन्हा चाचण्या झाल्या व आणखी बाधित सापडले. आनंदासाठी निघालेल्या लोकांना घर गाठण्यासाठी निकालाची वाट पाहत बोटीवर बसावे लागले.

आपण सीमेवरील माणसे या अनुभवास परकी नाही. ज्यांना बोटीची पायरी माहीत नाही त्यांना कोगनोळीचा नाका तर माहीत आहे! फेब्रुवारी २०२१ मध्ये महाराष्ट्रातून कर्नाटकात येणाऱ्यास ७२ तासांच्या आतील चाचणीचा दाखला लागू लागला. जूनअखेर लशीची एक मात्रा घेतल्याचे प्रमाणपत्रही चालू लागले. सुमारे महिन्याभरानेच, ३१ जुलैला, लस घेतली असली तरी दाखला हवाच, असा हुकूम निघाला. ज्यांची लेक चंदगडास दिलेली व शेत निपाणीकडे, त्यांच्या दृष्टीने हा दोन राज्यांमधला प्रवास नव्हताच. ते एका घरातून दुसऱ्या घरात जाणे होते.

नियम असे का पालटतात? सरकारला कळत नाही म्हणून, असे चावडीवर ऐकू येते. ते पूर्ण खरे नाही. रोगाचे बीज शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत दोन ते चौदा दिवस जातात. पेरलेले दाणे दुसऱ्या दिवशी उकरून पाहिले तर कोंब दिसत नाही. म्हणून दाणे पेरलेच नव्हते असे होत नाही. चाचणीचेही तसेच आहे. उलट रोग बरा झाल्यावरही काही आठवडे त्याचे अवशेष चाचणीत दिसू शकतात, जरी त्या माणसापासून इतरांस भय उरलेले नसते. ही गोष्ट ध्यानात आल्यावर ८ मे २०२० रोजी आरोग्य मंत्रालयाने सौम्य रुग्णास घरी पाठविताना पुन्हा चाचणीची अट काढून टाकली. नवे ज्ञान आले की नियम पालटणे हे प्रामाणिकपणाचे लक्षण आहे.

परंतु सर्वच बदल ज्ञानामुळे झाले नाहीत. काही भीतीमुळे झाले, काही घाईत झाले, आणि त्यांचा भार सर्वांवर सारखा पडला नाही. ज्याच्या गाठीस पैसा होता तो दाखला काढून पुढे गेला. रोजगारी माणसाचा दिवस नाक्यावर बुडाला. रोगापासून गावाचे रक्षण करणे हे राज्यकर्त्यांचे कर्तव्यच आहे. आमचे म्हणणे इतकेच, की जो नियम दार लावतो त्यानेच ते केव्हा व कसे उघडेल हेही सांगितले पाहिजे.

पवित्र शास्त्राने हा विचार फार पूर्वी केला आहे. लेवीय ग्रंथाच्या तेराव्या अध्यायात संशयित रोग्यास सात दिवस वेगळे ठेवावे, सातव्या दिवशी याजकाने तपासावे, आणि संशय उरल्यास आणखी सात दिवस थांबावे, अशी आज्ञा आहे. आपल्या काळातील सात दिवस व आठव्या दिवसाची चाचणी हिच्याशी किती जुळते! पण चौदावा अध्याय आपण विसरतो. तेथे रोगी बरा झाला असता याजकानेच छावणीबाहेर त्याच्याकडे जावे, असे सांगितले आहे. बाहेर ठेवण्याचा अधिकार ज्याला, आत घेण्यासाठी चालून जाण्याची जबाबदारीही त्यालाच.

ख्रिस्तसभेच्या संतांनी हेच आचरून दाखविले. १५७६ साली मिलान शहरात प्लेग पसरला तेव्हा संत चार्लस बोरोमिओ यांनी लोकांना घराबाहेर पडण्याचा आग्रह केला नाही. रस्त्यांवर वेद्या उभारविल्या, म्हणजे घरात कोंडलेल्यांस खिडकीतून मिस्सा पाहता यावी. त्यांनी नियमही पाळला व माणसासही सोडले नाही. खलाशांची सेवा करणारी ‘स्टेला मारिस’ ही कॅथॉलिक संस्था १९२० साली ग्लासगो येथे सुरू झाली. ज्या वर्षी तिला शंभर वर्षे झाली, त्याच वर्षी जगभरचे खलाशी समुद्रावर अडकले होते.

मग आपले कर्तव्य कोणते? साथ पुन्हा आली तर नियम पुन्हा पालटतील, हे प्रथम समजून घ्यावे. जुन्या ऐकीव माहितीवर न विसंबता त्या दिवसाचा नियम अधिकृत ठिकाणी पाहावा. निर्दोष दाखला म्हणजे कायमची हमी नव्हे, हे जाणून परत आलेल्याने सांगितलेले दिवस घरी काढावेत. आणि त्या दिवसांत त्याच्या दारी जेवण, औषध व चार गोड शब्द पोहोचतील हे शेजाऱ्यांनी पाहावे. मुदत संपल्यावर मात्र त्याच्याकडे बोट दाखवू नये. मुलांपुढे त्याच्याविषयी कुजबुज करू नये. मुलगा बोटीवरून आला असो वा नाक्यावरून, विलगीकरण संपताच त्याला रविवारच्या मिस्सेस आपल्या बाकावर जागा करून द्यावी.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २७ मार्च २०२० च्या संध्याकाळी रोममधील रिकाम्या चौकात उभे राहून, वादळात सापडलेल्या शिष्यांच्या प्रसंगावरून जगाला सांगितले होते की आपण सारे एकाच नावेत आहो. नाव एकच असेल तर उतरण्याच्या वेळी कोणी मागे राहता कामा नये. समुद्रतारा पवित्र मरिया दूर गेलेल्या आपल्या सर्व लेकरांस सुखरूप घरी आणो, आणि त्यांच्यासाठी दार उघडण्याचे धैर्य आपणांस देवो.