सुट्ट्यांचें दुसरें पंचांग

प्रवासाचा बेत ठरला कीं घरांत प्रथम मुलांच्या सुट्ट्या, मग कर्त्या पुरुषांची रजा आणि शेवटीं तिकिटांचे दर पाहिले जातात. ज्या देशीं जावयाचें तेथील सुट्ट्याही पाहाव्यात, हें क्वचितच कोणाच्या ध्यानांत येतें. आमच्याही आलें नव्हतें.

२०२५ सालीं भाद्रपदांत आम्ही मॉरिशसला गेलों. आमच्या आत्याबाईंच्या आजोळचा एक पुरुष कोंकणांतून गिरमिटावर तिकडे गेलेला. त्याचें नांव जुन्या दफ्तरांत पाहावें, एवढीच त्यांची इच्छा. गणेशचतुर्थी २७ ऑगस्टची. त्या दिवशीं कचेरी बंदच असणार असें गृहीत धरून आम्हीं २८ तारीख या कामास राखली. त्याच रात्रीं परतीचें विमान होतें. सकाळीं जाऊन पाहतों तों दाराला कुलूप! गणपतीची सार्वजनिक सुट्टी तेथें चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशीं होती. आदल्या दिवशीं, आम्ही स्वस्थ बसलों असतां, कचेरी उघडी होती.

चूक सर्वस्वीं आमची. हिंदु, मुसलमान, ख्रिस्ती व चिनी समाज जेथें एकत्र नांदतात, तेथें सुट्ट्यांतही सर्वांचा वांटा असतो. महाशिवरात्र, उगादी, दिवाळी, ईद, चिनी वसंतोत्सव, नाताळ. शिवाय गुलामगिरी बंद झाल्याचा १ फेब्रुवारी, स्वातंत्र्याचा १२ मार्च आणि १८३४ सालच्या गिरमिटियांच्या आगमनाचा २ नोव्हेंबर. यांतील कांहीं दिवस तारखेनें ठरलेले. कांहीं तिथीप्रमाणें मागेंपुढें होतात आणि ईद तर चंद्रदर्शनावर अवलंबून. म्हणून गतवर्षाची यादी उपयोगीं पडत नाहीं. चालू वर्षाची सरकारी यादी पाहूनच तिकिटें काढावींत, ईदेच्या आगेंमागें एक दिवस मोकळा सोडावा आणि कचेरीचें काम मुक्कामाच्या आरंभींच उरकावें. महाशिवरात्रीच्या सुमारास गंगातलावाचे रस्ते पायीं जाणाऱ्या यात्रेकरूंनीं भरून जातात. यात्रा करावयाची नसेल तर त्या दिवसांत तिकडे मोटार घेऊन जाऊं नये.

दुपारीं आम्ही समुद्रकिनारीं विसर्जनास गेलों. कोंकणांतून गेलेल्यांचे पणतू-खापरपणतू मूर्ति घेऊन पाण्यांत उतरत होते. आत्याबाई बराच वेळ पाहत उभ्या राहिल्या. "यांतलाच कोणी आपला असेल," एवढेंच त्या म्हणाल्या.

नांव पाहावयाचें राहिलें तें राहिलेंच. आत्याबाईंचें वय पाहतां पुन्हां जाणें होईल, असें वाटत नाहीं. ज्यांना वडील माणसांस घेऊन दूरदेशीं जावयाचें आहे, त्यांनीं निघण्यापूर्वीं आपल्या पंचांगाशेजारीं तेथीलही पंचांग उघडून ठेवावें.