पुढच्या काचेबद्दलचे ऐकीव सल्ले

पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर पुढच्या डंपरच्या चाकातून खडा उडतो, टक् असा आवाज होतो आणि काचेवर मसुराएवढा टवका दिसतो. गाडी पुढच्या फूड मॉलला थांबेपर्यंत आतल्या चौघांनी चार सल्ले दिलेले असतात. टूथपेस्ट लाव. फेविक्विकचा थेंब सोड. राहू दे, एवढ्याशानं काही होत नाही. आणि शेवटचा, सगळ्यांत ठाम आवाजातला: इन्शुरन्स आहे ना, नवीच टाकून घे! यातला एकही सल्ला डोळे मिटून ऐकावा असा नाही, आणि शेवटचा तर खिशाला महाग पडू शकतो.

गाडीच्या सगळ्या काचा एकाच जातीच्या असतात, हा समज आधी सोडायला हवा. दारांच्या आणि मागच्या काचा बहुतेक गाड्यांत टफन्ड असतात. सहाशे अंशांच्या वर तापवून हवेच्या झोतानं त्या झटकन थंड करतात. त्यामुळे पृष्ठभाग कायम दाबाखाली आणि आतला गाभा ताणाखाली राहतो. हा तोल टिकतो तोवर काच भक्कम. टोकदार घाव आतपर्यंत पोचला की अडकलेला ताण एकदम सुटतो आणि अख्ख्या काचेचा बोथट कडांचा चुरा होतो. म्हणून दाराच्या काचेचा तडा ‘बुजवून देतो’ म्हणणाऱ्याच्या नादी लागू नये. ती काच बदलावीच लागते. (सीटचं हेडरेस्ट काच फोडण्यासाठीच काढता येतं, हा दर पावसाळ्यात फिरणारा संदेशही असाच. ते काढता येतं ते उंची जुळवण्यासाठी. काच फोडायची वेळ आलीच तर हातोडीचा घाव मध्यावर न घालता कोपऱ्याजवळ घालावा. आणि हल्ली काही गाड्यांच्या बाजूच्या काचाही लॅमिनेटेड असतात, त्या अशा हातोडीला दाद देत नाहीत.)

पुढची काच वेगळी, लॅमिनेटेड. तिच्यात दोन काचांच्या मध्ये पीव्हीबी या प्लास्टिकचा साधारण पाऊण मिलिमीटरचा पडदा असतो. कल्पना शंभर वर्षांहून जुनी. एदुआर बेनेदिक्त्युस या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाच्या हातून १९०३ साली एक चंबू पडला. तडकला, पण विखुरला नाही, कारण आत सेल्युलोज नायट्रेटचा थर वाळून बसला होता. १९०९ मध्ये त्यानं या काचेचं पेटंट घेतलं. अशा काचेवर खडा बसला की सहसा बाहेरचाच थर दुखावतो, पडदा आणि आतली काच शाबूत राहते. दुरुस्तीला वाव मिळतो तो यामुळेच.

पण तो वाव फार काळ राहत नाही. उन्हात उभी गाडी, आतून भट्टीसारखी तापलेली. आपण बसतो आणि एसीचा झोत थेट काचेवर सोडतो. आतला थर आक्रसतो, बाहेरचा तापलेलाच असतो, आणि टवक्याच्या टोकाशी सगळा ताण गोळा होतो. विदर्भातल्या मे महिन्यात एका दुपारीत टवक्याचा हातभर तडा होतो तो असा. घाटातले हादरे आणि धाडकन लावलेली दारं उरलेलं काम करतात. शिवाय टवक्यात धूळ, पाणी आणि वॉशरचा साबण शिरला की नंतर दुरुस्तीसाठी भरलेलं रेझिन नीट धरत नाही. टूथपेस्ट आणि नेलपॉलिश याच कारणानं वाईट: तडा थांबवण्याची ताकद त्यांच्यात नाही, वर जागा मात्र अडवून बसतात. फेविक्विकचंही तेच, शिवाय ते परत निघत नाही. प्रथमोपचार एकच. जागा कोरडी असेल तर त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावा, एसी हळूहळू वाढवा आणि एकदोन दिवसांत काचवाला गाठा.

तो टवक्यावर छोटं यंत्र बसवून आतली हवा ओढून घेतो, पातळ रेझिन दाबानं भरतो आणि अतिनील दिव्याखाली ते घट्ट करतो. यानंतर डाग दिसेनासा होतो, अशी अपेक्षा ठेवून गेलेला माणूस नाराज होऊन परततो. रेझिनमधून प्रकाश जवळजवळ काचेसारखाच वळतो, त्यामुळे खूण फिकी होते, पण राहते. तडा पुढे जाऊ न देणं हे या दुरुस्तीचं काम. म्हणूनच चालकाच्या थेट नजरेसमोरचा टवका भरण्यापेक्षा काच बदललेली बरी. रात्री समोरच्या दिव्यांत तीच खूण चमकते. काठाला भिडलेला तडा, आतल्या थरापर्यंत गेलेला घाव किंवा रुपयाच्या नाण्यापेक्षा बराच मोठा टवका असेल तरही बदलणं शहाणपणाचं. वाइपरनं पाडलेले ओरखडे मात्र रेझिननं भरत नाहीत आणि पॉलिश करकरून काचेतून सगळं वेडंवाकडं दिसायला लागतं.

‘कंपनीचा लोगो नसलेली काच डुप्लिकेट’ हाही लाडका समज. गाडीच्या कंपन्या काच स्वतः करत नाहीत, काचेच्या कारखान्यांकडून घेतात. सेंट-गोबेन सेक्युरिटचा असा कारखाना चाकणला आहे. लोगोपेक्षा कोपऱ्यातला शिक्का वाचा. आयएसआय खूण, आयएस २५५३ हा मानक क्रमांक आणि पुढच्या काचेवर ती लॅमिनेटेड असल्याची नोंद हवी. काहीच छापलेलं नसेल तर ती काच घेऊ नये.

काच चांगली मिळाली तरी ती बसवण्यात घोळ होतो, आणि माझ्या मते सर्वांत कमी लक्ष इथेच दिलं जातं. जुन्या मारुती ८०० ची काच रबरात बसायची. आताची काच ‘पेस्टिंग’ची, म्हणजे युरेथेननं सांगाड्याला चिकटवलेली, आणि त्या सांगाड्याच्या मजबुतीत तिचाही वाटा असतो. अनेक गाड्यांत डावीकडच्या प्रवाशाची एअरबॅग उघडताना काचेवर आपटते आणि मग प्रवाशाकडे वळते. जोड कच्चा असेल तर काचच बाहेर फेकली जाऊ शकते. त्यामुळे बाथरूमच्या फटी बुजवायचं सिलिकॉन इथे चालत नाही. जुनी काच कापताना चौकटीचा रंग खरवडला गेला तर तिथे प्रायमर लागतो, नाहीतर गंज धरून जोड सुटतो.

‘पावसाळ्यात काच बसवू नये’ हे अर्धंच खरं. नेहमीचं युरेथेन हवेतली आर्द्रता शोषूनच पक्कं होतं, म्हणजे दमट हवा त्याला मानवते. ओली चौकट मात्र चालत नाही, म्हणून काम छपराखाली करून घ्यावं. गाडी किती वेळानं हलवायची हे चिकटद्रव्यावर आणि हवामानावर ठरतं. कधी तासाभरानं, कधी बऱ्याच तासांनी. काचवाल्याला तो आकडा विचारा. पहिला दिवस एखादी खिडकी थोडी उघडी ठेवा, म्हणजे दार लावताना आतली हवा काचेला ढकलणार नाही. गाडी धुवायची घाई नको. आरशामागे लेन आणि ब्रेकसाठीचा कॅमेरा असेल तर नव्या काचेनंतर त्याचं कॅलिब्रेशन करावं लागतं. जुना फास्टॅगही सोलून लावता येत नाही, आतली तार तुटते. बँकेकडून नवा घ्यावा लागतो.

आता इन्शुरन्स. ‘काचेला निम्मेच पैसे मिळतात’ हे चूक. पन्नास टक्के घसारा रबर आणि प्लास्टिकला, म्हणजे बीडिंगला लागतो. काचेला घसारा शून्य. साधारणपणे १५०० सीसीपर्यंत १००० रुपये आणि त्याहून मोठ्या इंजिनाला २००० रुपये सक्तीची वजावट आपल्या खिशातून जाते. फक्त थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर काहीच मिळत नाही.

पण काचेचा क्लेमही क्लेमच. वेगळं संरक्षण घेतलेलं नसेल तर त्यानं सहसा नो क्लेम बोनस जातो, आणि घसारा न कापणारं ‘झिरो डेप’ असलं तरी तो वाचत नाही. समजा, गाडीच्या नुकसानीपोटीचा तुमचा हप्ता सवलतीआधी १०,००० रुपये आहे आणि बोनस ५० टक्के. क्लेमनंतरच्या नूतनीकरणाला बोनस शून्य, मग क्रमानं २०, २५, ३५, ४५ आणि पुन्हा ५०. हप्ता तेवढाच राहिला असं धरलं तर या पाच वर्षांत ५०००, ३०००, २५००, १५०० आणि ५००, असे एकूण १२,५०० रुपये जादा जातात. छोट्या गाडीची साधी काच त्याहून स्वस्तात बसू शकते. कॅमेरा असलेली मोठ्या गाडीची काच बरीच महाग पडते. तेव्हा आधी काचवाल्याकडून कोटेशन घ्या, पॉलिसीवर बोनसचा आकडा पाहा, आणि मगच क्लेमचा अर्ज भरायचा की नाही ते ठरवा.