ओसरीच्या उजेडातला फोटो

आपल्या माजघराच्या भिंतीवर हार घातलेला जो फोटो आहे, तो एकदा जवळ जाऊन पाहा. पुष्कळ घरांत तो कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून कापून मोठा केलेला असतो, नाहीतर ओळखपत्रावरचा. माझ्या वडिलांचा तसाच आहे. भर दुपारी मांडवाबाहेर काढलेल्या फोटोतून त्यांचे डोके तेवढे उचलले. टोपीखाली डोळे काळोखात गेलेले, हनुवटी पांढरीफटक, उन्हाने तोंड आक्रसलेले. वडील मोठे हसरे होते, हे माझ्या मुलांना सांगूनही पटत नाही.

तुमच्या घरी ही पाळी येऊ नये. आता बहुतेक घरांत मोबाईल आहे आणि त्यातला कॅमेराही बरा असतो. प्रश्न आहे तो उजेड पारखण्याचा.

मला हे शिकविले भुईमुगाच्या पानांनी. टिक्का रोग आहे की काय, म्हणून शेतकरी मला पानांचे फोटो पाठवितात. भर उन्हातल्या फोटोत पान नुसते चकाकते, ठिपका कळत नाही. तेच पान बांधावरच्या झाडाच्या सावलीत धरले की शीर न् शीर दिसते. माणसाच्या चेहऱ्याचेही असेच आहे. डोक्यावरचे ऊन डोळ्यांच्या खोबणीत आणि नाकाखाली काळे डाग पाडते. सावलीत मात्र मोकळ्या आभाळाचा उजेड येतो; तो मऊ असतो.

विजेचे दिवे नव्हते तेव्हाचे फोटोवाले हे ओळखून होते. मुंबईत १८५४ साली छायाचित्रकारांची संस्था निघाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी तीत होते. त्या काळचे स्टुडिओ छपराला किंवा उत्तरेच्या भिंतीला मोठ्या काचा बसवीत, कारण उत्तरेकडून सहसा थेट ऊन येत नाही, नुसता उजेड येतो.

आपल्याकडे काचा नसल्या तरी ओसरी आहे. सकाळी नऊच्या सुमारास आजीला ओसरीच्या कडेला, सावलीची रेघ संपते तिच्या हातभर आत बसवा. तोंड अंगणाकडे. तुम्ही अंगणात उभे राहा, पण तिचा उजेड अडवू नका. मागे घराचा अंधार राहतो, त्यावर चेहरा उठून दिसतो. अंगणात ऊन पडलेले असेल तर फारच उत्तम, कारण जमिनीवरून उसळलेला उजेड हनुवटीखालची सावली पुसतो. तसे ऊन नसेल तर समोर एक पांढरे धोतर अंथरा. श्रावणातल्या ढगाळ दिवशी तर अंगणच ओसरीसारखे होते.

मात्र सावली म्हणून निळ्या ताडपत्रीखाली किंवा हिरव्या शेडनेटखाली बसवू नका; माणूस निळा-हिरवा दिसतो. विरळ झाडाखालीही फसगत होते, गालावर कवडसे पडतात.

मावळतीचा अर्धा तास वेगळा. सूर्य माणसाच्या पाठीमागे थोडा बाजूला घ्या आणि मागे आंब्याची किंवा उसाची गर्द हिरवळ येऊ द्या. पिकल्या केसांना सोनेरी कड येते. चेहरा काळवंडला तर पडद्यावर चेहऱ्याला बोट लावा, उजेड सुधारतो. फोन तोंडाशी नेऊ नका, नाक मोठे येते. पाच-सहा फूट मागे सरा. आणि भिंग आधी पुसा. आपल्या फोनला तेलकट बोटे फार लागतात.

म्हातारी माणसे फोटो म्हटला की ताठ होतात. त्यांच्या हाती काम द्या. माझ्या आईला मी पावट्याच्या शेंगा सोलायला बसविले. कशासाठी ते सांगितले नव्हते. तिने एकदा माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, “भिंतीसाठीच ना रे? थांब, पदर नीट करते.” मला काय बोलावे सुचेना, ते पाहून तीच हसू लागली. तेवढ्यात मी बटण दाबले.

असा फोटो फोनमध्येच ठेवू नका. फोन पाण्यात पडतो, हरवतो. व्हॉट्सॲपवरून साधा पाठविलेला फोटो आकाराने घटतो, म्हणून तालुक्याच्या स्टुडिओत फोनच घेऊन जा आणि आठ बाय दहा इंचांची प्रत कागदावर काढून घ्या. मागे पेन्सिलीने नाव, गाव आणि तारीख लिहा. आईच्या फोटोमागे मी आमचे गाव लिहिले होते. तिने वाचून घेतले आणि खाली माहेरचेही नाव घालायला लावले.