केंटकीच्या डोंगरउतारावरचं गवत

१९३१ साली केंटकी विद्यापीठातले ई. एन. फर्गस मेनिफी काउंटीतल्या एका शेतावर गेले. तिथल्या उतारावर एक युरोपीय वंशाचं गवत दाट माजलं होतं. त्याचं बी ते घेऊन आले, आणि १९४३मध्ये 'केंटकी ३१' हे वाण बाजारात आलं. जात टॉल फेस्क्यू.

हे थंड हवेचं गवत. वसंत आणि शरदात जोमानं वाढतं, उन्हाळ्यात मंदावतं. पण मुळं दोन-तीन फूट खोल जात असल्यानं कोरड्या दिवसांत तग धरतं. आपली हरळी नेमकी उलटी, उन्हात खुलणारी.

पेरणी सप्टेंबरात करावी. माती उबदार असते, तण कमी. चौरस मीटरला ३० ते ४० ग्रॅम बी पुरतं. उगवेपर्यंत वरचा थर ओलसर ठेवावा; नंतर आठवड्यातून एकदा, पण खोलवर पाणी.

लोक चुकतात ते कापणीत. गालिचा हवा म्हणून बुडापासून छाटतात आणि मुळंही आखूड करून घेतात! पाती आठ-दहा सेंटिमीटर ठेवावीत, एका वेळी तिसरा हिस्साच कापावा. गवत झुपक्यांनी वाढतं, हरळीसारखं पसरत नाही. म्हणून पडलेल्या टकलांवर शरदात पुन्हा बी टाकावं लागतं.

या कणखरपणात एका बुरशीचाही वाटा आहे. ती गवताच्या आतच राहते आणि किडींना दूर ठेवते. गुरांना मात्र ती बाधते. गोठ्याशेजारी पेरायचं असेल, तर त्या बुरशीविना मिळणारं बी मागावं.