गोळी पोटात गेली की लिव्हरला काय काम पडतं?

मैत्रिणींनो, गटाच्या कर्जाचा हिशोब आपण पै-पैचा ठेवतो. पण गेल्या आठवड्यात कोणकोणत्या गोळ्या घेतल्या, असं कुणी विचारलं तर पटकन सांगता येत नाही. अंग दुखलं म्हणून एक, सर्दी झाली म्हणून दुसरी, आणि शेजारच्या ताईला लागू पडली म्हणून तिच्याकडची तिसरी. या सगळ्या गोळ्या शेवटी निस्तरायच्या कुणी? तर आपल्या लिव्हरनं, म्हणजे यकृतानं.

लिव्हर पोटात उजव्या बाजूला, बरगड्यांच्या खाली असतं. मोठ्या माणसाचं लिव्हर साधारण दीड किलोचं असतं. मटणातली कलेजी म्हणजे बकऱ्याचं लिव्हरच. आपण जे खातो-पितो त्यातलं बरंचसं, आणि पोटात घेतलेली जवळजवळ सगळी औषधं, रक्तातून आधी लिव्हरकडे येतात.

तेलकट भांड्याचं उदाहरण

तेलकट भांडं नुसत्या पाण्यानं निघत नाही, त्याला राख नाहीतर साबण लागतो. बऱ्याच औषधांचं तसंच आहे. ती पाण्यात सहज विरघळत नाहीत, म्हणून लघवीवाटे बाहेर पडत नाहीत. लिव्हरमध्ये एन्झाइम नावाचे पदार्थ असतात, शाळेच्या पुस्तकात त्यांना विकर म्हणतात. हे एन्झाइम औषधाचं रूप बदलतात, मग ते शरीराबाहेर जाऊ शकतं. मात्र गिरणीत तासाला ठरावीकच दळण निघतं, तशी एन्झाइमच्या कामालाही मर्यादा आहे. दळण जास्त झालं की पोती साचतात.

नावं दोन, औषध एकच

तापाची पॅरासिटामॉल आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. योग्य प्रमाणात ती सुरक्षित आहे. तिचा बराचसा भाग लिव्हर सहज निकामी करतं. थोड्या भागापासून मात्र एक विषारी पदार्थ तयार होतो. लिव्हरमध्ये ग्लुटाथिओन नावाचा साठा असतो, तो हे विष मारतो. गोळ्या जास्त झाल्या की हा साठा संपतो आणि विष लिव्हरच्याच पेशी मारायला लागतं.

घोटाळा कसा होतो बघा. आशाताईंकडची पॅरासिटामॉल घेतली, वर मेडिकलमधून सर्दीची गोळी आणली. सर्दीच्या कितीतरी गोळ्यांत पॅरासिटामॉलच असते. म्हणजे डोस दुप्पट झाला आणि कळलंही नाही. धडधाकट मोठ्या माणसासाठी २४ तासांत ४,००० मिलिग्रॅम, म्हणजे ५०० च्या ८ गोळ्या, ही शेवटची हद्द आहे. दोन डोसांमध्ये किमान ४ तासांचं अंतर हवं. ज्यांचं वजन कमी आहे, जे रोज दारू पितात किंवा ज्यांना लिव्हरचा आजार आहे, त्यांची हद्द याहून कमी असते, ती डॉक्टरांना विचारायची. जास्त गोळ्या गेल्या तर पहिल्या दिवशी फक्त मळमळ होते, खरी इजा दोन-तीन दिवसांनी दिसते. यावर उतारा आहे, पण तो पहिल्या ८ तासांत सर्वात चांगला लागू पडतो. म्हणून त्रास होण्याची वाट न बघता लगेच दवाखाना गाठा.

टीबीचं औषध आणि पाळणा लांबवायची गोळी

हे प्रत्येकीनं लक्षात ठेवावं. टीबीच्या औषधांत रिफाम्पिसिन असतं. ते लिव्हरच्या काही एन्झाइमचं काम वाढवतं. त्यामुळे माला-एन सारख्या गोळीतलं औषध लवकर संपतं आणि गोळी नेमानं घेऊनही दिवस जाऊ शकतात. तांबीवर असा परिणाम होत नाही. टीबीचा कोर्स सुरू करतानाच एएनएम ताईंना सांगून दुसरा उपाय ठरवा. कोर्स संपल्यावरही सुमारे ४ आठवडे हा परिणाम राहतो. बीपी-शुगरच्या काही गोळ्यांचंही असंच होतं, तेव्हा त्याही डॉक्टरांना दाखवा.

टीबीच्या औषधानं लघवी केशरी होते, त्याला घाबरू नका. पण डोळे पिवळे होणं, सारख्या उलट्या, अन्नावरची वासना जाणं ही लिव्हरला त्रास होत असल्याची खूण आहे. त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा. गोळ्या चालू ठेवायच्या की थांबवायच्या, हे तिथं विचारूनच ठरवा. कावीळ उतरवून घेण्यात दिवस घालवू नका. झाडपाल्याचं औषधसुद्धा शेवटी लिव्हरलाच निस्तरावं लागतं.

चरबीचा हिशोबही इथंच

लिव्हर पित्त तयार करतं. साबण जसा तेल फोडतो तसं पित्त जेवणातली चरबी फोडतं, मग ती पचते. दुसरं काम, जास्तीच्या साखरेची चरबी बनवून ती रक्तातून शरीरभर पाठवणं. गोड चहा, बिस्किटं, भाताचा ढीग असं रोज जास्त झालं आणि हालचाल कमी पडली, तर काही चरबी लिव्हरमध्येच साचते. तिला फॅटी लिव्हर म्हणतात. दारू पोटात गेली की लिव्हर आधी दारूच्या मागे लागतं, चरबी जाळायचं काम मागे पडतं.

थेंबही न पिणाऱ्या बाईला फॅटी लिव्हर होऊ शकतो, विशेषतः शुगर असेल किंवा कंबर ८० सेंटीमीटरच्या वर असेल तर. म्हणूनच केंद्र सरकारनं २०२१ मध्ये हा आजार मधुमेह-हृदयरोगाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला. चांगली गोष्ट ही की तो मागे हटवता येतो. वजन जास्त असलेल्या ७० किलोच्या बाईनं हळूहळू ५ ते ७ किलो कमी केलं तरी लिव्हरला बराच आराम पडतो.

रक्ताच्या रिपोर्टमध्ये एसजीपीटी लिहिलेलं असतं. तेही एक एन्झाइमच. लिव्हरच्या पेशी दुखावल्या की ते रक्तात झिरपतं आणि आकडा वाढतो. मात्र फॅटी लिव्हर असूनही कधीकधी आकडा बरोबर येतो, म्हणून निर्णय डॉक्टरांवर सोडा.

पुढच्या बैठकीत एवढं करूया

घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून आणा. ब्रँडच्या नावाजवळच औषधाचं खरं नाव असतं, ते एकमेकींना वाचून दाखवा आणि वहीत उतरवा. दवाखान्यात जाताना ती वही सोबत न्या. आणि हो, शेजारणीची गोळी शेजारणीलाच राहू द्या. प्रत्येकीच्या एन्झाइमचा वेग जन्मापासून वेगळा असतो, तिला सोसलेली गोळी आपल्याला सोसेलच असं नाही.