नाक चोंदलेले मूल आणि वरच्या दुधाचा हुकूम

नरकचतुर्दशीच्या पहाटे ठाण्यापासून कल्याणपर्यंत खाडीकाठावर फटाक्यांचा धूर खाली बसलेला असतो, घरोघर अभ्यंगाचे पाणी तापत असते, आणि अशा समयी डोंबिवलीतील एखाद्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात पंधरा-वीस दिवसांचे मूल अंगावर घेताच दोन घोट ओढून तोंड सोडते, लालबुंद होऊन रडते, पुन्हा धरते नि पुन्हा सोडते, तेव्हा घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया जो फैसला करतात तो बहुधा एकच असतो : ‘हिला दूधच पुरत नाही!’ लगोलग वरच्या दुधाचा हुकूम सुटतो. माझ्या मते या खटल्यात आरोपीच भलता धरला जातो; दूध असते, मूल भुकेलेही असते, अडलेले असते ते नाक.

नवजात अर्भक पहिले काही महिने मुख्यत्वे नाकानेच श्वास घेते. त्याचे स्वरयंत्र प्रौढांच्या मानाने घशात बरेच वर, मऊ टाळूला जवळजवळ टेकलेले असते, आणि त्यामुळेच ओढणे, गिळणे व श्वास घेणे या तिन्ही क्रिया त्याला एका तालात साधतात. नाक चोंदले की तो ताल मोडतो आणि तोंडाला दूध व हवा यांतून एकाचीच निवड करावी लागते. ज्याला हे हट्टीपण वाटत असेल त्याने स्वतःचे नाक चिमटीत धरून पेलाभर पाणी एका दमात पिऊन पाहावे.

आता आपले घरगुती इलाज. नुसत्या शिंका म्हणजे सर्दी नव्हे, अर्भक तशानेच नाक साफ करते. तरीही न्हाऊ घालणारी बाई नाकात तेल सोडते, फुंकर घालते, आणि नंतर ओवा-वावडिंगाची धुरी होते. त्या धुरीच्या वासात माझे स्वतःचे बालपण साठलेले आहे, म्हणून हे लिहिताना लेखणी किंचित अडखळते. परंतु धुराने नाकाचे अस्तर अधिकच सुजते, तेल फुप्फुसात उतरले तर तेथे दाह होतो, आणि कापूर तर अर्भकाला झटके आणू शकतो. औद्योगिक वसाहतीच्या उग्र दर्पाने आधीच गांजलेल्या डोंबिवलीकरांनी घरात आणखी धूर का करावा?

योग्य तजवीज साधी आहे. औषधांच्या दुकानात ०.६५ टक्क्यांचे मिठाच्या पाण्याचे थेंब मिळतात. पाजण्यापूर्वी काही मिनिटे प्रत्येक नाकपुडीत एक-दोन थेंब सोडावे आणि मऊ झालेला शेंबूड बाहेर आल्यावर अलगद टिपून घ्यावा. मोठ्या माणसांचे नाक मोकळे करणारे थेंब मात्र वैद्याच्या सल्ल्यावाचून वापरू नयेत. मूल जरा उभट धरावे, त्याची हनुवटी स्तनाला टेकलेली व नाक मोकळे असावे, आणि एकदाच पोटभर पाजण्याचा आग्रह न धरता थोडे थोडे, वारंवार पाजावे. तेही न जमल्यास हाताने दूध काढून वाटी-चमच्याने द्यावे. आजीचे बोंडले माळ्यावर असेल तर तेही चालेल, मात्र उकळून घेतलेले. आईलाच पडसे झाले असले तरी पाजणे थांबवू नये, हात धुऊन व नाक-तोंड झाकून चालू ठेवावे. दूध पुरते की नाही याचा दाखला रडण्यात नसून लंगोटात आहे : पहिल्या आठवड्यानंतर दिवसाकाठी सहा वा अधिक ओले लंगोट आणि वाढणारे वजन.

कल्याणात १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांचे मूल अवघे दहा दिवस जगले, आणि त्या दुःखातूनच १८८६ साली पदवी मिळवणाऱ्या डॉक्टर घडल्या. त्या काळी दार ठोठवावे असे ठिकाण दुर्मिळ होते. आज कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय आहे. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजावे, कारण अर्भकाचा श्वास मुळातच अनियमित असतो. ६० वा अधिक भरले तर पुन्हा मोजावे, आणि आकडा तोच आला, बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या, अंग तापले, ओठ निळसर झाले किंवा मूल पिईनासे झाले, तर थेंबांवर विसंबू नये. गप्प असताना निळे पडणारे आणि रडताना गुलाबी होणारे मूलही दाखवावेच. त्याच्या नाकाचा मागचा मार्ग जन्मतः बंद असू शकतो. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी, आईला सोबत न्यावे, आणि धाप लागलेल्या मुलाला वाटेत बळेच पाजू नये.