डिकीवरची पट्टी

"आई, तुझा हेअर ड्रायर दे ना. आणि शिवणाची टेप पण."

रविवारची सकाळ. कुकरची दुसरी शिट्टी व्हायची होती आणि चिरंजीव स्वयंपाकघराच्या दारात उभे. वय वर्षे वीस. हेअर ड्रायरचं एक वेळ समजू शकते, पण शिवणाची टेप?

"काय रे, पॅन्ट आखूड करायचीय?"

"नाही गं. स्पॉयलर बसवायचाय. आज."

हा स्पॉयलर आमच्या घरात दोन महिने धुमसत होता. पहिल्यापासून सांगते.

२०१० साली आमच्या शहरातल्या मंडळींनी एकत्र येऊन एकाच वेळी दीडशे मर्सिडीज गाड्या घेतल्या होत्या, सुमारे ६५ कोटी रुपयांच्या. तेव्हा हे शहर औरंगाबाद होतं, आता छत्रपती संभाजीनगर. त्या दिवशी आमच्याकडे होती एक स्कूटर. यांचं वाळूजला छोटंसं वर्कशॉप, नुकतंच कुठे रुळायला लागलेलं. पेपरातली बातमी वाचून हे म्हणाले होते, "एक दिवस आपणही घेऊ." मी हसले होते. गेल्या वर्षी यांनी ते खरं केलं. नवी नाही हं, नऊ वर्षं वापरलेली सी-क्लास. पण दारात उभी राहिली तेव्हा शेजारच्या काकूंनी हळदकुंकू लावलं आणि मला उगीचच भरून आलं.

वडिलांचं स्वप्न पुरं झालं, की मुलाचं सुरू होतं! महिनाभरातच चिरंजीवांनी एक लांबट खोकं मागवलं. आत काळी, चकचकीत, प्लॅस्टिकची पट्टी. डिकीच्या कडेवर बसवायची. तिला म्हणे स्पॉयलर म्हणतात.

मी स्पष्ट सांगितलं, "माझ्या घरात हे चालणार नाही."

माझ्या नकाराला कारण होतं. लग्नाआधी बी.ए. केलं आणि नंतर घर सांभाळता सांभाळता गेली अकरा वर्षं मी एका संस्थेचं काम करते. अपघातात ज्यांचा नवरा किंवा मुलगा गेला अशा बायकांना मोटार अपघात दाव्याची कागदपत्रं गोळा करायला मदत करायची. एफआयआर, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, उत्पन्नाचा दाखला. एकेक कागद मिळवताना त्या बाईचं एकेक दुःख पुन्हा उघडं पडतं. बावीस-तेवीस वर्षांची पोर, कडेवर लेकरू, आणि हातातल्या कागदावर 'भरधाव वेगात' हे दोन शब्द. असे किती पंचनामे मी वाचले, मोजलेले नाहीत. म्हणून वेगाशी नातं सांगणारी कुठलीही वस्तू मला घरात नको होती.

लेक म्हणाला, "आई, ती नुसती दिसायला असते." मी म्हटलं, "दिसायला असते तर मग कशाला?" तो गप्प. तेव्हापासून जेवणाच्या ताटावरही गप्पच. खोकं कपाटावर पडून.

मधल्या काळात यांनी एका गॅरेजवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "डिकीला चार भोकं पाडून स्क्रूने आवळतो, अर्ध्या तासाचं काम." हे पत्र्यातच आयुष्य काढलेले. घरी येऊन म्हणाले, "चांगल्या पत्र्याला भोक पाडलं, की रंगाचं कवच तुटतं. तिथून गंज धरतो आणि पावसाळ्यात डिकीत पाणी." म्हणजे गॅरेजही बाद. उरला एकच मार्ग, घरी चिकटवायचा. आणि त्यासाठी चिरंजीव त्या सकाळी माझ्या दारात उभे होते.

खरं तर मी पुन्हा नाहीच म्हणणार होते. पण दोन महिन्यांनी पोरगं आपणहून काहीतरी मागायला आलं होतं. कुकरखालचा गॅस बंद केला आणि म्हटलं, "चल. पण मी बरोबर असणार."

मैत्रिणींनो, हे काम म्हणजे निम्मं आपलंच काम आहे! आधी स्वच्छता. साबणाच्या पाण्याने डिकी धुतली, कोरडी केली. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ कापडावर घेऊन कड पुसली. नुसत्या पाण्याने मेणाचा, पॉलिशचा थर जात नाही आणि त्या थरावर टेप चिकटली, तर ती मेणाला चिकटते, गाडीला नाही. ओल्या पोळपाटावर पीठ कसं धरत नाही, तसंच.

मग माप. डिकीचा मध्य टेपने काढला. पट्टी नुसती ठेवून बघितली, तिच्या कडेने मास्किंग टेप लावून खुणा केल्या. चिरंजीव म्हणाले, "झालं, बरोबर आहे." मी चार पावलं मागे जाऊन बघितलं. "डावीकडे उतरलीय." "नाही गं." "मोज." मोजलं तर डावीकडे पाऊण सेंटिमीटर खाली! इतकी वर्षं दारात ठिपक्यांची रांगोळी काढलीय, नजर काय उगीच तयार झाली? तो हसला. दोन महिन्यांनी हसला.

पट्टीच्या मागे करड्या रंगाची जाड दुहेरी टेप लावलेली असते, वर लाल कागद. हिला साधी चिकटपट्टी समजू नका. एकदा नीट बसली, की सरकवता येत नाही. म्हणून लाल कागद एकदम काढायचा नाही. दोन्ही टोकांना थोडासा सोलून बाहेर दुमडून ठेवायचा, पट्टी खुणांवर टेकवायची आणि मग कागद हळूहळू ओढून काढायचा. ही टेप २१ ते ३८ अंश तापमानात चांगली धरते. जानेवारी महिना, सकाळचा गारठा, पत्रा थंडगार. म्हणून हेअर ड्रायर! आणि मे महिन्यात आमच्याकडे उन्हात उभ्या गाडीवर पापड भाजेल, तेव्हाही हे काम करू नये.

पत्रा कोमट झाला. पट्टी टेकवली. एका टोकाचा कागद त्याच्या हातात, दुसऱ्या टोकाचा माझ्या. "हळू," तो म्हणाला. "माहितीय," मी म्हटलं. कागद सरसरत निघून आला. मग दाबायचं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, तळहाताने, पूर्ण जोर लावून. सगळ्या लांबीवर टेप पत्र्याला टेकली पाहिजे.

असे आम्ही दोघं डिकीवर वाकून, खांद्याला खांदा लावून पट्टी दाबत होतो. एकमेकांचं तोंड दिसत नव्हतं. आणि तो एकदम म्हणाला, "आई, दिवाळीत आम्ही समृद्धीवर गेलो होतो ना..."

समृद्धी महामार्ग आमच्या शहराजवळून जातो. २०२२च्या डिसेंबरात नागपूर ते शिर्डी सुरू झाला, २०२५च्या जूनमध्ये पार मुंबईकडे जोडला गेला. ७०१ किलोमीटर. मोटारींना १२०ची मर्यादा.

"काटा १७०वर होता," तो म्हणाला. "मित्र चालवत होता. मी मागे. एक ट्रक लेन सोडून आत आला. कसं वाचलो माहीत नाही."

माझे हात पट्टीवर होते म्हणून बरं. नाहीतर मी ओरडले असते. तोंडाशी आलेलं सगळं गिळून एवढंच विचारलं, "तू काय केलंस?"

"काहीच नाही. सीट धरून बसलो. हळू चालव, एवढंसुद्धा बोललो नाही. सगळे हसत होते. मला वाटलं, घाबरट म्हणतील."

जरा थांबून म्हणाला, "तुला सांगणार होतो. पण तू त्या पट्टीवरूनच इतकी चिडलीस..."

मी गप्प झाले. दोन महिने मी एका प्लॅस्टिकच्या पट्टीशी भांडत होते आणि खरी धास्ती माझं पोर एकटंच उराशी घेऊन बसलं होतं. परक्या बायकांना 'मनातलं बोला' म्हणणारी मी. माझ्याच घरात बोलायची सोय ठेवली नव्हती.

"मग हा स्पॉयलर कशाला हवा तुला?" मी विचारलं. या वेळी खरंच जाणून घ्यायला.

"बाबांनी गाडी घेतली. माझं त्यात काहीच नाही. मला वाटलं, एखादी गोष्ट मी माझ्या हाताने करावी. बस."

मग चहा पिताना त्याने मला स्पॉयलरचं शास्त्र सांगितलं. मी कला शाखेची, पण समजलं. वेगातल्या गाडीवरून वारा डिकीवर उतरतो तेव्हा गाडीचा मागचा भाग वर उचलला जायला बघतो. ती पट्टी वाऱ्याचा तो प्रवाह बिघडवते. म्हणून नाव स्पॉयलर, बिघडवणारा. (लाडाने पोर बिघडवणाऱ्या आईलाही हेच नाव द्यायला हरकत नाही!) ऑडी टीटी नावाची छोटी स्पोर्ट्स कार १९९८ साली आली. तिचा मागचा भाग छान गोल, पण जर्मनीत भरवेगात वळवताना गाड्या ताबा सुटून अपघात झाले. मग कंपनीने गाड्या परत बोलावून मागे स्पॉयलर बसवले. म्हणजे ही वस्तू जन्माने काही उनाड नाही. गाडी जमिनीला धरून ठेवणं, हेच तिचं काम.

"पण," तो म्हणाला, "हा उचलणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ४० किलोमीटरला जेवढा, त्याच्या नऊपट १२०ला. जालना रोडच्या ट्रॅफिकमध्ये ही पट्टी नुसती शोभेची."

मी म्हटलं, "धडकेचंही तसंच ना रे? वेग दुप्पट, तर तडाखा चौपट?"

"तसंच," तो म्हणाला. आणि कप खाली ठेवून बराच वेळ पट्टीकडे बघत राहिला.

अकरा वर्षं पंचनामे वाचूनही हे गणित मला कुणी सांगितलं नव्हतं. आता मी आमच्या संस्थेच्या बैठकीत ते सांगते. शाळा-कॉलेजात बोलायला गेले, तरी सांगते.

तुमच्याकडेही असा हट्ट असेल, तर दोन-चार गोष्टी लक्षात ठेवा. भोकं पाडू नका. पट्टी छोटी, गाडीच्या आकाराबरहुकूम असावी. दिवे, नंबरप्लेट झाकली जाऊ नये, टोकं बाहेर आलेली नसावीत. गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करायला मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाने बंधनं आहेत, तेव्हा मोठ्या पंखांच्या नादी लागू नये. आम्ही विमा कंपनीलाही कळवून ठेवलं. उद्या काढायची झाली, तर हेअर ड्रायरने गरम करून तंगूस करवतीसारखी ओढत टेप कापायची. रंगाला धक्का लागत नाही.

आणि मुख्य म्हणजे, थांबायचं. ही टेप वीस मिनिटांत निम्मी धरते, चोवीस तासांत नव्वद टक्के आणि पूर्ण धरायला लागतात बहात्तर तास. तोवर गाडी धुवायची नाही, पट्टी ओढून बघायची नाही. चिकटलंय असं वाटतं, पण आत धरणं चालूच असतं.

संध्याकाळी हे आले. गाडीला एक फेरी मारली, पट्टीवरून बोट फिरवलं. कारागिराची नजर ती. "सरळ बसलीय," एवढंच म्हणाले. चिरंजीवांना ते पुरलं.

गेल्या पंधरवड्यात मित्राच्या बहिणीच्या लग्नाला ही पोरं जालन्याला गेली होती. रात्री अकराला बेल वाजली. दारात लेक, एकटाच.

"गाडीने येणार होतास ना?"

"तोच चालवत होता. जाताना दोनदा सांगितलं, हळू घे. हसायला लागला. येताना मी एसटी पकडली."

"काही म्हणाले का बाकीचे?"

"म्हणाले ना. घाबरट."

मी ताट वाढलं. तो पोटभर जेवला, आणि जेवताना बोलत होता.

पट्टी अजून घट्ट आहे. डिकी बंद करताना तिला धरायचं नाही, एवढं मात्र मी आल्यागेल्या प्रत्येकाला सांगते.